उंटावरून पडलेली आई, न झालेली वाळवंट सफर आणि दहा हजारांचं कूपन

प्रश्न: नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे. गंगापूर रोडवरच्या टूरवाल्याकडे चौघांचे माणशी २९,००० प्रमाणे १,१६,००० रुपये भरून त्यांनी जैसलमेरची सहल घेतली. खुरी गावाहून तीन दिवस उंटावरून प्रवास आणि दोन रात्री उघड्या वाळूत मुक्काम, असं छापील कार्यक्रमात होतं. प्रत्यक्षात सम या गावाजवळ डांबरी रस्त्यालगतच्या पक्क्या तंबूंत उतरवलं आणि पाऊण तास उंटावर फिरवलं. यंदाच्या १२ जानेवारीला सकाळी उंट उठताना खोगीर एका बाजूला कललं, ६१ वर्षांची आई खाली पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. उपचारांचा खर्च ६८,००० रुपये झाला. टूरवाला म्हणतो की 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशा फॉर्मवर सही आहे, वाद फक्त जैसलमेरच्या कोर्टात चालेल, कॅम्प आमचा नाही आणि वनखात्याने वाळूत राहू दिलं नाही. वर १०,००० रुपयांचं कूपन देऊ करतोय. काय करावं?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी जैसलमेरची धास्ती मनातून काढा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४(२)(ड) प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे तुमची तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालेल, आणि कॅम्पवाल्यालाही इथेच यावं लागेल. बारीक अक्षरांत छापलेली 'फक्त जैसलमेर' ही ओळ कायद्याने दिलेला हा हक्क काढून घेऊ शकत नाही. त्यांनी उद्या लवादाचं (वाद कोर्टाऐवजी पंचाकडे नेण्याचं) कलम दाखवलं तरी डगमगू नका. तसं कलम असूनही ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तुमच्या पत्रात दोन वेगळे दावे एकत्र मिसळले आहेत. एक, ठरलेली सफर दिली नाही. दोन, आईला इजा झाली. दोन्ही एकाच तक्रारीत मांडा, पण परिच्छेद वेगळे, पुरावे वेगळे आणि रकमाही वेगळ्या ठेवा. पहिला दावा कागदावरच सिद्ध होतो. दुसऱ्यात निष्काळजीपणा दाखवावा लागतो. दोन्हींची खिचडी झाली की समोरचा वकील 'प्राणी आहे, अपघात होतात' एवढं एकच वाक्य सगळ्याला लावतो आणि न झालेल्या सफरीचा मुद्दाही त्यात वाहून जातो.

पहिल्या दाव्यासाठी एका पानाचा तक्ता करा. डावीकडे छापील कार्यक्रमातली वाक्यं जशीच्या तशी, उजवीकडे त्या दिवशी काय घडलं. उदाहरणार्थ, 'दिवस २: खुरीहून उंटावरून प्रवास' आणि समोर 'समच्या कॅम्पवर ४५ मिनिटं फेरी, नंतर जीप'. सम आणि खुरी या वेगळ्या जागा आहेत. सम जैसलमेरच्या पश्चिमेला, खुरी नैर्ऋत्येला, आणि समला ओळीने तंबूंचे कॅम्प आहेत. गुगल फोटोजमध्ये फोटोची जागा आणि वेळ दिसत असेल तर त्याचे स्क्रीनशॉट जोडा.

वनखात्याची सबब मात्र नीट हाताळा. त्या भागात डेझर्ट नॅशनल पार्क आहे. आपल्याकडे नान्नजच्या अभयारण्यामुळे माहीत असलेल्या माळढोकसाठीच ते राखलेलं आहे, त्यामुळे तिथे निर्बंध असणं खरंही असू शकतं. पण मग ते पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा कलम २(११) प्रमाणे सेवेतली त्रुटीच. त्यांच्याकडे लेखी विचारा: परवानगी कोणत्या तारखेला मागितली, कोणी नाकारली, पत्र दाखवा. पत्र नसेल तर सबब तिथेच संपते, आणि असेल तर तारखेवरून कळेल की त्यांना आधीच माहीत होतं का.

आता आईच्या इजेबद्दल. उंट उठतो तो आधी मागच्या पायांवर. बसलेल्याला पहिला झोका पुढे बसतो आणि पुढचे पाय सरळ होताना दुसरा मागे. नवख्या माणसाला म्हणून आधी मागे रेलून खोगिराची मूठ धरायला सांगतात, आणि उंटाच्या तोंडाशी दोरी धरून एक माणूस उभा असतो. या झोक्याने कोणी घसरलं, तर तो उंटावर बसण्यातच असलेला धोका, असं टूरवाला म्हणू शकेल, आणि फॉर्मवरची सही फार तर तेवढ्यापुरती त्याच्या कामी येईल. पण तुम्ही लिहिता की खोगीरच कललं. खोगीर कलतं ते पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, सैल असला की. खालच्या गाद्या-गोधड्या दबल्या की तो ढिला पडतो, म्हणून माणूस बसवण्याआधी पुन्हा आवळावा लागतो. ते उंटवाल्याचं काम, आईचं नव्हे. ज्या निष्काळजीपणामुळे ग्राहकाला इजा होते तो त्रुटीच्या व्याख्येतच येतो, आणि अशा निष्काळजीपणाला आईने सही करून संमती दिलेली नाही. तक्रारीत 'आई उंटावरून पडली' एवढंच लिहून थांबू नका. 'उंट उठताना तंग सैल असल्याने खोगीर डावीकडे (किंवा ज्या बाजूला कललं असेल त्या बाजूला) कललं, तंग आवळलेला नव्हता, तोंडाशी कोणी उभं नव्हतं' असं, जेवढं खरं असेल तेवढं, लिहा.

भाच्याच्या मोबाइलमध्ये त्या क्षणाचा व्हिडिओ असल्याचं तुम्ही म्हणता. तो व्हॉट्सअपवरून इकडे-तिकडे पाठवलेल्या प्रतीतून घेऊ नका, कारण त्यात फाइल दबते आणि मूळ माहिती गळते. केबल लावून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, मोबाइल विकू किंवा रिसेट करू नका, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. सोबतच्या एखाद्या प्रवाशाचं शपथपत्र मिळालं तर उत्तमच. जैसलमेरच्या पहिल्या केसपेपरवर 'उंटावरून पडून' अशी नोंद आहे का, ते पाहा. नसेल तर त्या कागदाला हात लावू नका. नाशिकच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडून इजेचं कारण, शस्त्रक्रिया आणि आज हाताची पकड किती, यांचं प्रमाणपत्र घ्या. आईला उजव्या हाताने पोळी लाटता येते का, कुलूप उघडतं का, हे त्यात आलं पाहिजे. मानसिक त्रासाच्या रकमेला आधार तिथून मिळतो.

'कॅम्प आमचा नाही' याला उत्तर सोपं आहे: पैसे कोणी घेतले? तुमचा करार टूरवाल्याशी आहे. त्याला विरुद्ध पक्ष क्रमांक १ आणि कॅम्पवाल्याला क्रमांक २ करा. तक्रारदार मात्र दोघी व्हा. पैसे तुम्ही भरले आणि सेवा आईलाही मिळायची होती, म्हणून ती कायद्याने ग्राहक आहे. इजेची भरपाई तिच्या नावाने मागणं बरं.

एक चूक टाळा. फॉर्म 'अन्याय्य करार' म्हणून रद्द करा, अशी मागणी जिल्हा आयोगात घालू नका. तो अधिकार कलम ४७ ने राज्य आयोगाला दिला आहे, आणि तेवढ्यावरून तक्रार परत येऊ शकते. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा या दोनच पायांवर उभ्या राहा. दुसऱ्याला आधार तुमच्याकडेच आहे: ३६,००० रोख दिले आणि पावती मिळाली नाही. बिल न देणं हीच कायद्याने अनुचित प्रथा आहे. 'छत्तीस मिळाले' हा त्यांचा व्हॉट्सअप संदेश आणि ८०,००० च्या यूपीआयचं बँक विवरण, एवढ्याने पूर्ण रक्कम शाबीत होते.

मागणी फुगवू नका. रेल्वे आणि जैसलमेर शहरातलं हॉटेल तुम्हाला मिळालं. त्यांच्याच कोटेशनमध्ये वाळवंटाचा भाग माणशी १६,००० आहे, म्हणजे ६४,०००. मिळालेले तंबू, जेवण आणि फेरीचे माणशी ४,००० वजा केले तर ४८,००० उरतात. त्यात उपचारांचे ६८,००० (मेडिक्लेममधून काही मिळालं असेल तर ते उघड सांगा), मानसिक त्रासाचे ५०,०००, तक्रारीच्या खर्चाचे १५,००० आणि रकमेवर ९ टक्के व्याज. स्वतःहून वजावट दाखवलेल्या तक्रारीवर आयोगाचा विश्वास लवकर बसतो.

तक्रार कोणत्या पातळीच्या आयोगात जाते, ते तुम्ही सेवेसाठी भरलेल्या पैशांवरून ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. आधी १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलवर पाठवा, ट्रॅकिंगची प्रिंट ठेवा. मग ई-जागृती पोर्टलवर तक्रार, शपथपत्र आणि पुरावे चढवा. वकील सक्तीचा नाही, आणि व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणी मागता येते. नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापलीकडे मुदत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून टाकलं आहे. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, त्याची तयारी ठेवा.

तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षं. कूपनाच्या बोलण्यांमुळे ती वाढत नाही. कूपनासोबतच्या 'सर्व हिशोब पूर्ण' या कागदावर सही करू नका, आणि आजच त्यांना एवढा संदेश पाठवा: 'आपला १०,००० रुपयांच्या कूपनाचा प्रस्ताव आम्हाला मान्य नाही. रक्कम परत मिळण्याचा आणि इजेच्या भरपाईचा आमचा हक्क कायम आहे. १२ जानेवारीला उंट हाकणाऱ्याचं नाव, कॅम्पचा पूर्ण पत्ता आणि आमच्या सहीच्या फॉर्मची प्रत सात दिवसांत पाठवावी.'