सगळं काम डीएसपी चिप करत असेल तर फायबर ग्रेटिंग आता शिकायचं कशाला?

तुम्ही विचारलंय की ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आहात, गाइडनी फायबर ब्रॅग ग्रेटिंग वापरून डिस्पर्शन कॉम्पेन्सेशन (फायबरमधून जाताना पल्स पसरते ते भरून काढणं) असा प्रोजेक्ट सुचवलाय आणि सिनियर म्हणतोय की कोहेरंट (प्रकाशाची फेजसुद्धा वाचणारे रिसीव्हर) आल्यापासून हे सगळं डीएसपीमध्ये, म्हणजे सिग्नलवर गणित करणाऱ्या चिपमध्येच होतं, ग्रेटिंग कधीच संपलं, तर त्यात वर्ष घालवावं का.

मी ऑप्टिकल ट्रान्समिशनमध्येच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. सिनियरचं अर्धं बरोबर आहे. लांब पल्ल्याच्या लिंकवर डिस्पर्शन भरून काढायचं काम ग्रेटिंगच्या हातून गेलं, ते काही आता परत येत नाही. पण ग्रेटिंगकडे तेवढं एकच काम कधीच नव्हतं, आणि बाकीची कामं चिपला जमण्यातली नाहीत कारण ती प्रकाश चिपपर्यंत पोचायच्या आधीच, प्रकाशावरच करावी लागतात.

आधी वस्तू काय आहे ते बघू. साधं सिंगल मोड फायबर, बाहेरून १२५ मायक्रॉन, आतला कोअर साधारण ८-९ मायक्रॉन. त्या कोअरच्या एखाद्या सेंटीमीटरभर तुकड्यात रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स ठरावीक अंतराने किंचित वरखाली केलेला असतो. किंचित म्हणजे खरंच किंचित, ०.०००१ च्या आसपास. अशा प्रत्येक पट्टीवरून प्रकाशाचा नगण्य भाग मागे फिरतो, पण ज्या वेव्हलेंग्थसाठी हे सगळे भाग एकाच फेजमध्ये येतात तेवढीच वेव्हलेंग्थ जोरात परत येते आणि बाकीचं सगळं काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघून जातं. सूत्र सोपं आहे, वेव्हलेंग्थ म्हणजे दोन गुणिले इंडेक्स गुणिले पट्टीचं अंतर. १५५० नॅनोमीटरसाठी आणि १.४५ इंडेक्स धरून पट्टीचं अंतर येतं साधारण ५३५ नॅनोमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये अठरा हजारांच्या वर पट्ट्या. मला अजूनही या आकड्याचं अप्रूप वाटतं, कारण हातात घेतलं तर ते नुसतं फायबर दिसतं, डोळ्याला काहीही कळत नाही.

हे सापडलं १९७८ मध्ये, कॅनडात ओटावाच्या कम्युनिकेशन्स रिसर्च सेंटरमध्ये. केन हिल आणि त्यांचे सहकारी जर्मेनियम घातलेल्या फायबरमधून आर्गन लेसरचा प्रकाश सोडत होते आणि काही मिनिटांत मागे येणारा प्रकाश आपोआप वाढत गेला. पुढे जाणारा आणि दुसऱ्या टोकावरून परतणारा प्रकाश मिळून फायबरमध्ये स्टँडिंग वेव्ह तयार झाली होती आणि तिने स्वतःचाच नक्षा काचेत उमटवला. पण अशा पद्धतीने लिहिलेलं ग्रेटिंग त्या लेसरच्याच वेव्हलेंग्थला चालतं, १५५० ला त्याचा उपयोग नाही, त्यामुळे कम्युनिकेशनवाल्यांसाठी ते बरीच वर्षं बाजूलाच राहिलं. १९८९ मध्ये अमेरिकेत मेल्ट्झ, मोरी आणि ग्लेन यांनी २४४ नॅनोमीटरचे अल्ट्राव्हायोलेट किरण बाजूने, दोन बीम एकमेकांवर पाडून लिहून दाखवलं, मग बीममधला कोन बदलला की हवी ती वेव्हलेंग्थ. आणि १९९३ मध्ये फेज मास्क आला, म्हणजे खाचा पाडलेली काचेची पट्टी फायबरच्या अगदी जवळ धरायची, वरून अल्ट्राव्हायोलेट मारायचे, की खाचांच्या निम्म्या अंतराची नक्षी कोअरमध्ये उतरते. माझ्या मते खरा धंदा इथून सुरू झाला, कारण तीच वस्तू परत परत तशीच बनवता यायला लागली.

एक गोष्ट मात्र लॅबमध्ये संधी मिळाली तर स्वतः करून बघा. ब्रॉडबँड सोर्स, सर्क्युलेटर (परत येणारा प्रकाश वेगळ्या वाटेने बाहेर काढणारा), ग्रेटिंग, आणि परत आलेला प्रकाश ऑप्टिकल स्पेक्ट्रम अॅनालायझरवर. स्क्रीनवर १५५० च्या आसपास एक टोकदार पीक उभा दिसतो. आता ग्रेटिंगचा तुकडा न ताणता नुसता दोन बोटांत अलगद धरा, पीक हळूच उजवीकडे सरकायला लागतो आणि बोटं काढली की थोड्या वेळाने परत जागेवर. डिग्रीला साधारण १० पिकोमीटर, म्हणजे एसीच्या खोलीतून बोटांच्या उबेपर्यंत सात-आठ डिग्री चढली तर ७०-८० पिकोमीटर. याच गुणावर पूल, बोगदे, तेलविहिरी यांचे सेन्सर चालतात, पण कम्युनिकेशनमध्ये हाच गुण डोकेदुखी आहे. शून्याखाली ५ ते ६५ डिग्री अशी बाहेरच्या कॅबिनेटची रेंज धरली तर ७० डिग्रीत पीक ०.७ नॅनोमीटर सरकणार, आणि १०० गिगाहर्ट्झच्या डीडब्ल्यूडीएममध्ये (एकाच फायबरमधून वेगवेगळ्या वेव्हलेंग्थवर बरेच चॅनेल पाठवणं) दोन चॅनेलमधलं अंतरच ०.८ नॅनोमीटर. म्हणजे उन्हाळ्यात तुमचा फिल्टर जवळजवळ शेजारच्या चॅनेलवर जाऊन बसणार. म्हणून ग्रेटिंग एथर्मल पॅकेजमध्ये बसवतात, तापमान वाढलं की पॅकेज फायबरवरचा ताण तेवढाच सैल करतं आणि पीक जागच्या जागी राहतो.

आता तुमच्या विषयाकडे. साध्या जी.६५२ फायबरचं डिस्पर्शन १५५० ला १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर प्रति किलोमीटर धरतात. ८० किलोमीटरचा एक स्पॅन घेतला तर झाले १३६० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर. १० गिगाबिटच्या सिग्नलची स्पेक्ट्रमची रुंदी ढोबळ ०.१ नॅनोमीटर धरा, म्हणजे पल्स १३६ पिकोसेकंद पसरणार, आणि एका बिटला जागा आहे १०० पिकोसेकंद. एका स्पॅनमध्येच बिट एकमेकांवर चढले. अडीच गिगाबिटला हीच लिंक मजेत चालत होती कारण तिथे स्पेक्ट्रम चौपट अरुंद आणि बिट चौपट रुंद, म्हणजे वेग चौपट केला की त्रास सोळापट होतो, हे गणित व्हायवाला नक्की विचारतात.

यावर चर्प्ड ग्रेटिंगचा उपाय ऊलेट यांनी १९८७ मध्येच मांडला होता. पट्ट्यांचं अंतर एका टोकाकडून दुसरीकडे हळूहळू बदलत न्यायचं. साध्या फायबरमध्ये लांब वेव्हलेंग्थ मागे पडतात, म्हणून त्यांना ग्रेटिंगच्या तोंडाशीच परतवायचं आणि पुढे पळालेल्या आखूड वेव्हलेंग्थना पार शेवटपर्यंत जाऊन यायला लावायचं, की बाहेर पडताना सगळे परत एका रांगेत. १० सेंटीमीटरच्या ग्रेटिंगमध्ये जाऊन-येऊन जवळपास १ नॅनोसेकंदाचा फरक मिळतो, त्याला १३६० ने भागलं तर बँडविड्थ येते ०.७ नॅनोमीटर. म्हणजे वीतभराहून कमी काचेत एका चॅनेलचं ८० किलोमीटरचं डिस्पर्शन फिटलं, मला तरी ही या क्षेत्रातली सगळ्यात देखणी कल्पना वाटते.

मग नेटवर्कमध्ये जास्त करून डीसीएफचीच, म्हणजे उलट डिस्पर्शन असलेल्या फायबरचीच रिळं का दिसली? कारण डीसीएफचं एक रीळ अख्खा सी-बँड (१५५० च्या आसपासचा सगळ्या चॅनेलचा पट्टा) एकदम सांभाळतं आणि ग्रेटिंग मुळात चॅनेलपुरतं. पुढे सगळ्या चॅनेलना पुरतील अशी सॅम्पल्ड ग्रेटिंगही आली, पण लिहिताना फेजमध्ये जराशी चूक राहिली तरी ग्रुप डिले रिपल येतो, डिलेची रेघ सरळ न येता दातेरी येते आणि ओळीने बरेच स्पॅन असले की तो रिपल साठत जातो. डीसीएफची किंमतही कमी नव्हती बरं का, ८० किलोमीटरच्या स्पॅनला १३-१४ किलोमीटरचं रीळ, त्याचा सात-एक डीबी लॉस आणि प्रत्येक स्पॅनला जवळपास ७० मायक्रोसेकंद फुकटचा उशीर. शेअर ट्रेडिंगच्या लिंकवर तेवढा उशीरही नको असतो, म्हणून तिथे ग्रेटिंगवाले मॉड्यूल आवर्जून लावले गेले.

आणि मग कोहेरंट आलं. साधा फोटोडायोड फक्त इंटेन्सिटी बघतो, फेज हरवते, आणि डिस्पर्शन तर सगळं फेजमध्येच असतं त्यामुळे नंतर ते पूर्णपणे उलटवता येत नाही. कोहेरंट रिसीव्हर लोकल लेसरशी मिसळून फेजसकट सगळं सिग्नल उचलतो, मग चिपमध्ये उलटा फिल्टर लावला की काम झालं, हजारो किलोमीटरचं डिस्पर्शनसुद्धा. ४० गिगाबिटची अशी सिस्टिम नॉर्टेलने २००८ च्या सुमारास बाजारात आणली आणि ती टीमही ओटावाचीच. ग्रेटिंग ज्या गावात सापडलं त्याच गावातून त्याचं हे काम गेलं.

तर ग्रेटिंग आता कुठे आहे? सगळ्यात आधी तुमच्या सिनियरच्या त्या कोहेरंट लिंकमध्येच आहे, फक्त अॅम्प्लिफायरच्या डब्यात. ईडीएफएच्या (अर्बियम घातलेल्या फायबरमध्ये प्रकाशच वाढवणारा अॅम्प्लिफायर) ९८० नॅनोमीटरच्या पंप लेसरला, म्हणजे त्याला ऊर्जा पुरवणाऱ्या लेसरला, मोकळं सोडलं तर त्याची वेव्हलेंग्थ डिग्रीला ०.३ नॅनोमीटर वाहवत जाते आणि अर्बियमचा तिथला शोषणाचा पट्टा अरुंद आहे. म्हणून लेसरच्या पिगटेलमध्ये, म्हणजे त्याला जोडलेल्या फायबरच्या तुकड्यात, थोडे टक्केच प्रकाश परतवणारं ग्रेटिंग लिहितात, आणि लेसर त्या वेव्हलेंग्थला बांधला जातो. दुसरं, ईडीएफएचा गेन सपाट नसतो, एका अॅम्प्लिफायरमध्ये १ डीबीचा फरक म्हणजे वीस अॅम्प्लिफायरनंतर २० डीबी, मग काही चॅनेल गडगंज आणि काही मरणपंथाला. तो उंचवटा छाटायला लाँग पिरियड ग्रेटिंग वापरता येतं, ज्याचं अंतर शेकडो मायक्रॉन असतं आणि ते प्रकाश मागे न पाठवता क्लॅडिंगमध्ये सांडून टाकतं. त्यावरचं बेल लॅब्समधलं १९९६ चं मूळ काम आशिष वेंगसरकर आणि सहकाऱ्यांचं, ते जरूर वाचा.

तिसरं, घरापर्यंत येणारं फायबर. एका स्प्लिटरमागे ३२ घरं असली की ओटीडीआरला (फायबरमध्ये पल्स सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून दोष शोधणारं यंत्र) सगळ्या फांद्या एकमेकांवर चढलेल्या दिसतात, कोणाची लाइन तुटली कळत नाही. प्रत्येक घराच्या टोकाला फक्त १६५० नॅनोमीटर परतवणारं ग्रेटिंग बसवलं की इंटरनेटच्या वेव्हलेंग्थना धक्का न लागता अंतराप्रमाणे प्रत्येक घराचा वेगळा पीक दिसतो, एखादा गायब झाला की नेमकी तीच फांदी तपासायची. आणि कम्युनिकेशनच्या बाहेर बघायचं तर भोसरी-चाकणच्या शेडमध्ये पत्रा कापणारी फायबर लेसर मशीन बघा, तिच्या आतल्या लेसरचे दोन आरसे म्हणजे सहसा दोन ग्रेटिंगच असतात, एक जवळपास पूर्ण परतवणारं आणि एक थोडंसं.

ऑल-ऑप्टिकल सिग्नल प्रोसेसिंगबद्दलही, म्हणजे सिग्नल विजेत न बदलता प्रकाशावरच गणित करण्याबद्दलही विचारलंय. मधोमध फेज शिफ्ट टाकलेलं ग्रेटिंग रिफ्लेक्शनमध्ये येणाऱ्या पल्सचं डेरिव्हेटिव्ह काढून देतं, कुठलाही क्लॉक नाही, एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) नाही, आणि तेही इलेक्ट्रॉनिक्सच्या आवाक्याबाहेरच्या वेगाने. हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मही असाच करता येतो. पण डीएसपीच्या जागी हे बसेल असं मला वाटत नाही, कारण प्रकाशाला थांबवून ठेवायला मेमरी नाही आणि एकदा लिहिलेलं ग्रेटिंग प्रोग्रॅम करता येत नाही. मायक्रोवेव्ह फोटोनिक्स आणि फेमटोसेकंद लेसर इथे मात्र त्याला भरपूर काम आहे, आणि सिलिकॉन फोटोनिक्समध्ये हीच ब्रॅगची कल्पना वेव्हगाइडवर कोरलेली भेटेल.

म्हणून माझं मत, प्रोजेक्ट घ्या पण गाइडना विनंती करून विषय जरा वळवा. नुसतं १० गिगाबिटचं डिस्पर्शन कॉम्पेन्सेशन दाखवून थांबू नका, त्याऐवजी पॉन (वर सांगितलेलं घरापर्यंतचं स्प्लिटरवालं फायबर) मॉनिटरिंगचे रिफ्लेक्टर किंवा गेन फ्लॅटनिंग घ्या. कॉलेजमध्ये स्पेक्ट्रम अॅनालायझर नसेल तर पायथनमध्ये ट्रान्सफर मॅट्रिक्स लिहा, दोनशे ओळींच्या आत होतं, आधी युनिफॉर्म ग्रेटिंग, मग साइडलोब (मुख्य पीकच्या बाजूचे छोटे उंचवटे) दाबायला अॅपोडायझेशन, म्हणजे इंडेक्सचा बदल टोकांकडे हळूहळू कमी करणं, मग चर्प. आपलं कोड बरोबर आहे का ते बघायला पहिली परीक्षा ही घ्या: १ सेंटीमीटर लांबी, इंडेक्सचा बदल ०.०००१, वेव्हलेंग्थ १५५०, इथे पीक रिफ्लेक्टिव्हिटी ९३ टक्क्यांच्या आसपास आणि पहिल्या दोन शून्यांमधली रुंदी सुमारे ०.२ नॅनोमीटर यायला हवी. तेवढं जुळलं की मगच चर्पला हात घाला, आणि अडलात तर ग्राफ टाका इथे, बघतो मी.