नासर्डीकाठी झाडं लावताय? आधी काठावरच्यांकडे जा

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये उंटवाडीच्या बाजूला तीन सोसायट्या नासर्डी नदीच्या काठी झाडं लावायला तयार आहेत, एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, पैसे देतेय, पण महापालिकेचे विभाग एकमेकांकडे बोट दाखवताहेत. तर परवानगीची वाट न बघता जूनमध्ये सुरुवात करावी का? वाचताना पोटात कालवलं. करू नका. आम्ही नेमकं हेच केलं होतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला आणि नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली तेव्हा आमच्या भागातही पाणी शिरलं. काहीतरी केलं पाहिजे असं सगळ्यांनाच वाटत होतं. जमवाजमव होईपर्यंत जुलै 2021 उजाडला. करंज, जांभूळ, उंबर आणि काठाला वाळुंज, अशी सव्वाशे रोपं लावली. जागा ज्यांच्या ताब्यात होती त्या कार्यालयात दोनदा गेलो. साहेब म्हणाले, "लावा हो, झाडंच तर लावताय." आम्ही चहा पिऊन खुशीत परत आलो. कागद मागितलाच नाही. तीच आमची सगळ्यात महाग पडलेली चूक.

मे 2022 मध्ये नालेसफाईचा जेसीबी आला आणि सरळ रोपांवरून खाली उतरला. सकाळी गेलो तर ट्री गार्ड चेपून चिखलात पडलेले, आणि कंबरेएवढं झालेलं एक जांभूळ मुळासकट गाळाच्या ढिगावर. त्याच कार्यालयात गेल्यावर प्रश्न आला, "तुमच्याकडे लेखी काय आहे?" नगरसेवकांना फोन करावा तर मार्चमध्येच मुदत संपून प्रशासक आलेले.

पण खरी बोच वेगळीच आहे. काठावरच्या वस्तीतल्या एक मावशी म्हणाल्या, "अहो, दरवर्षी तो इथूनच उतरतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं." विचारलंच नव्हतं. आमच्या बैठका बुधवारी संध्याकाळी व्हायच्या आणि मावशी तेव्हा बुधवारच्या बाजारात भाजी विकायला बसायच्या. नदी रोज बघणारं माणूस बैठकीत नाही, आणि आम्ही मात्र "सगळे घटक सोबत आहेत" असं पत्रात लिहीत होतो. त्याची लाज अजून वाटते.

म्हणून माझं ठाम मत, पटलं तर घ्या: पहिली बैठक वस्तीत घ्या, त्यांच्या सवडीने. पाणी कुठवर चढतं, मशीन कुठून उतरतं, कपडे धुवायला कुठली जागा लागते, हे नकाशावर त्यांच्याकडूनच खुणा करून घ्या. मग संयुक्त स्थळपाहणी मागा. उद्यान, मलनिस्सारण, बांधकाम, घनकचरा आणि पूररेषेसाठी पाटबंधारे, सगळे एकाच दिवशी, एकाच जागी. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत काय लावायचं ते पाटबंधारे विभागाकडूनच ठरवून घ्या. पाहणीचं इतिवृत्त तिथेच हाताने लिहा आणि सह्या घ्या. "नंतर पाठवतो" म्हणाले तर ते येत नाही. नालेसफाईचा रस्ता सोडून रोपं लावायची, हे वाक्य त्यात असलंच पाहिजे.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांकासकट. दाद लागली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन, म्हणजे तक्रारी ऐकण्याचा दिवस, आहे. त्याचा नमुना आणि मुदत आधी विचारून घ्या. माहिती अधिकार शेवटी ठेवा. 10 रुपयांत आणि 30 दिवसांत माहिती मिळायला हवी हे खरं, पण एकदा तो अर्ज गेला की समोरचा माणूस आपल्याला विरोधकच समजू लागतो. हा माझा अनुभव, तुमचा वेगळा असू शकेल. मी वकील नाही, अभियंताही नाही.

कंपनीच्या पैशांबद्दलही सांगते. 5 जूनच्या, पर्यावरण दिनाच्या, फोटोसाठी रोपांचे पैसे सहज मिळतात. पुढच्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचे मिळत नाहीत. करारात पाणी आणि राखणदार लिहून घ्या. राखणदार वस्तीतलाच असू द्या आणि त्याला पगार द्या, मानधन म्हणून चार पैसे नव्हे. आम्ही दुसऱ्यांदा हे केलं आणि रोपं निम्मीच लावली. त्या मावशींचा मुलगा उन्हाळाभर एक दिवसाआड पाणी घालायचा. जेसीबी आला तेव्हा तोच पुढे उभा राहून चालकाला रस्ता दाखवत होता.

इतिवृत्ताचा नमुना हवा असेल तर सांगा, आमचा काढून देते.