नानांनी इंग्रजांचा हात का धरला?

प्रश्न : वडगावला इंग्रजांना शरण आणणाऱ्या नाना फडणविसांनी पुढे अकरा वर्षांत त्याच इंग्रजांशी टिपूविरुद्ध तह केला. एवढा धोरणी माणूस, त्याला पुढचं दिसलं नाही का?
— एक वाचक, धारवाड

उत्तर : आपण १८१८, म्हणजे पेशवाई बुडाल्याचं वर्ष, डोळ्यांसमोर ठेवून १७९० वाचतो. नानांसमोर १८१८ नव्हतं, नरगुंद होतं. १७८५ मध्ये टिपूच्या फौजेने नरगुंदला वेढा घालून तिथले देसाई व्यंकटराव भावे यांना कैद केलं. पुढच्या वर्षी मराठे आणि निजाम मिळून बदामीवर गेले, बदामी घेतलीही, आणि १७८७ मध्ये गजेंद्रगडाला तह झाला. पण कृष्णा-तुंगभद्रेमधला मुलूख सुरक्षित झाला असं पुण्यात कुणालाच वाटत नव्हतं. त्या वेळी नाना इंग्रजांच्या मदतीची वाट पाहत होते आणि कंपनीचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसने ती दिली नाही. आपणहून युद्ध उकरून काढायला मनाई करणाऱ्या विलायतेच्या १७८४ च्या कायद्याने त्याचे हात बांधलेले होते.

मग डिसेंबर १७८९ मध्ये टिपूने त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला. त्रावणकोर कंपनीचा दोस्त. आता गरज कॉर्नवॉलिसला होती आणि पुण्यातला इंग्रज वकील मॅलेट वाड्याच्या पायऱ्या झिजवू लागला. नानांनी घाई केली नाही. टिपूचे वकीलही पुण्यात होते, त्यांच्याशी बोलणी चालूच ठेवली. १ जून १७९० ला तह झाला. जिंकलेल्या मुलखाची तिघांत सारखी वाटणी, आणि एकट्याने परस्पर सलूख करायचा नाही, ही त्यातली मुख्य कलमं. महिनाभराने निजामही त्यात आला. एकमेकांवर भरवसा नसणाऱ्यांनीच असं दुसरं कलम लिहून घ्यावं लागतं. निजामाला पुण्याची भीती, पुण्याला निजामाच्या थकलेल्या चौथाईची चिंता, आणि कंपनीचा दोघांवरही विश्वास नाही.

म्हणून मला हा तह चूक वाटत नाही. मराठ्यांकडे वेढ्याच्या तोफा चांगल्या नव्हत्या, इंग्रजांकडे घोडदळ आणि रसद नव्हती. दोघेही एकेकटे अपुरे होते आणि दोघांना ते कळत होतं.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते तुमच्याच गावात. कॅप्टन लिटलच्या मुंबईच्या पलटणी गलबतांतून संगमेश्वरला उतरल्या, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर आंबा घाट चढल्या आणि तासगावला पुण्याचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांना मिळाल्या. सप्टेंबरात टिपूच्या ताब्यातल्या धारवाडला वेढा पडला. त्या वेढ्यातल्या मराठी मोर्चाचं, म्हणजे तोफा मांडलेल्या जागेचं, वर्णन एका इंग्रज अंमलदाराने केलं आहे. तोफ ठासून झाली की मोर्चातली मंडळी अर्धा तास बसून गप्पा मारत, हुक्का ओढत. मग बार काढायचा. धुरळा भरपूर उडाला की समाधान, आणि पुन्हा गप्पा. दुपारी एक ते तीन बहुधा दोन्ही बाजू तोफा बंद ठेवत, कारण ती जेवणाची वेळ.

इंग्रज हे लिहिताना हसले आहेत. आपण त्यांच्याबरोबर हसू नये. भाऊंच्या तोफा जुन्या होत्या, दारू पुरत नव्हती, आणि पुण्याहून ती येईल तेव्हा येई. खुद्द इंग्रजांनी तरी काय केलं? मदतीला आलेल्या कर्नल फ्रेडरिकने उतावीळपणे फेब्रुवारीत हल्ला चढवला, तो फसला, आणि मार्चमध्ये तो तिथेच वारला. धारवाड एप्रिल १७९१ मध्ये हाती आलं, तेही किल्लेदार बद्रुज्जमानखानाशी बोलणी करून. भाऊंना पहिल्यापासून तोच मार्ग बरा वाटत होता, आणि तो बरा होताच.

प्रश्न : मराठ्यांच्या बाजाराने उपाशी इंग्रज फौज वाचवली, असं ऐकलं. यात कितपत तथ्य आहे?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पूर्ण तथ्य आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत हे ठळक यायला हवं.

मे १७९१. कॉर्नवॉलिस (अमेरिकेत यॉर्कटाउनला दहा वर्षांपूर्वी शरण गेलेला तोच) बंगळूर घेऊन टिपूच्या राजधानीपर्यंत, श्रीरंगपट्टणापर्यंत, आला. १५ मे रोजी अरिकेरेजवळ त्याने टिपूला हटवलं. शहर समोर दिसत होतं, पण पुढे जाता येईना. बैल मरून गेले होते, शिधा संपत आला होता, बरोबरच्या निजामाच्या स्वारांनी आधीच थोडी असलेली वैरण खाऊन टाकली होती. तोफा ओढायला जनावर नाही, म्हणून वेढ्याच्या तोफा त्याने स्वतःच फोडून निकामी केल्या आणि २६ मे रोजी माघारी निघाला. थोडं अंतर गेल्यावर बाजूला स्वार दिसले. टिपूचेच असणार असं समजून इंग्रज लढायला उभे राहिले. ते आपले होते. परशुरामभाऊ आणि पुण्याचे दुसरे सेनानी हरिपंत फडके यांच्या फौजा मेलुकोट्याजवळ येऊन पोहोचल्या होत्या. ही बातमी कॉर्नवॉलिसला आधी मिळाली नाही, कारण टिपूच्या लोकांनी निरोप नेणारे हरकारे वाटेतच मधल्या मध्ये अडवले होते. आठवडाभर आधी कळलं असतं, तर त्या तोफा वाचल्या असत्या.

मराठी छावणीत काय नव्हतं! विलायती बनात (लोकरी कापड), बर्मिंगहॅमचे चाकू, काश्मिरी शाली, हिरे, बैल, मेंढ्या, कोंबड्या, आणि हो, कोकणातली सुकी खारी मासळी. उघड्यावर सराफ देशोदेशीची नाणी मांडून बसलेले. धान्य मिळत होतं, पण चढ्या भावाने. दोस्ताकडूनही दुप्पट घेतात, अशी इंग्रजांची तक्रार होती. वाण्याने आपला माल शत्रूच्या मुलखात एवढ्या आत जीव धोक्यात घालून आणला होता, तो फुकट कसा देणार? पुढे हरिपंतांनी खर्चाला पैसे मागितले, तेव्हा कॉर्नवॉलिसने चीनच्या व्यापारासाठी आलेली चांदी थांबवून लाखो रुपये कर्जाऊ दिले. तेवढी त्याला या फौजेची गरज होती.

त्या बाजाराच्या यादीत आणखी एक वस्तू आहे : लुटलेल्या खेड्यातल्या गरीब पोरीच्या कानातली चांदीची बाळी. वर्णन इंग्रजांचं, त्यात आकस असेल. पण मला ते खोटं म्हणवत नाही. बाजार भरलेला होता याचं एक कारण व्यापार, आणि दुसरं कारण लूट.

प्रश्न : शृंगेरी मठ मराठ्यांनी लुटला, हा टिपूच्या बाजूचा प्रचार आहे ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. पटवर्धनी फौजेबरोबरच्या लुटारूंनी १७९१ मध्ये मठ लुटला. टिपूने स्वामींना लिहिलेली सांत्वनाची आणि मदतीची पत्रं उपलब्ध आहेत. वाईट वाटतं, पण झाकून काही उपयोग नाही.

प्रश्न : १७९२ मध्ये टिपू हातात आला होता. त्याला संपवला का नाही? नानांनी वाचवला म्हणतात.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कॉर्नवॉलिसलाही म्हैसूरचं राज्य बुडवायचं नव्हतं. ते बुडालं असतं तर वाटणीवरून तिन्ही दोस्त तिथेच एकमेकांवर धावून गेले असते. आणि पुण्याला टिपू दुबळा हवा होता, नाहीसा नको होता. त्यामुळे ६ फेब्रुवारीच्या रात्री कॉर्नवॉलिसने श्रीरंगपट्टणावर केलेल्या हल्ल्यानंतर बोलणी लवकर जमली. हरिपंत तिथे होते. भाऊ मात्र शिमोगा घेऊन बेदनूरकडे गुंतले होते, ते आले तेव्हा लढाई थांबून गेली होती. त्यांच्यावर इंग्रज लेखकांनी फार राग काढला आहे. माझं म्हणणं एवढंच, की बेदनूर मराठ्यांच्या दाव्यातलं होतं आणि भाऊ पुण्याचे सरदार होते, कॉर्नवॉलिसचे नव्हते.

१८ मार्च १७९२ च्या तहाने टिपूचा निम्मा मुलूख गेला, तीन कोटी तीस लाख रुपये आणि दोन मुलं ओलीस द्यावी लागली. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेला भिडली. ज्यासाठी नानांनी हात धरला होता, ते मिळालं.

चूक शोधायचीच असेल तर ती पुढे शोधा. तीन वर्षांत मराठे आणि निजाम खर्ड्याला लढले, निजाम हरला, इंग्रज बाजूला राहिले, आणि दुखावलेल्या निजामाने १७९८ मध्ये तैनाती फौज पत्करली, म्हणजे कंपनीची फौज आपल्या खर्चाने आपल्या राज्यात ठेवून घेतली. १७९९ मध्ये इंग्रज आणि निजाम श्रीरंगपट्टणावर गेले तेव्हा पुणे टिपूच्याही बाजूला नव्हतं आणि त्यांच्याही. टिपू पडल्यावर तेव्हाचा गव्हर्नर-जनरल वेलस्लीने पेशव्यांसाठी काही मुलूख राखून ठेवला, अट अशी की त्यांनीही कंपनीशी तसाच तह करावा. पेशवे दुसऱ्या बाजीरावाने नकार दिला, आणि तो मुलूख कंपनी व निजामाने वाटून घेतला.