लोकलमधल्या आई-बाबांनी वायए विज्ञानकथा-फँटसी कुठून सुरू करावी

प्रश्न थोडक्यात असा: रोज बोरिवली ते चर्चगेट, घरी तेरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा, रात्री साडेदहाच्या आत पुस्तक हातात येत नाही आणि आलं की चौथ्या पानावर डोळे मिटतात. अशा माणसाने यंग अडल्ट, म्हणजे वायए (किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली), विज्ञानकथा आणि फँटसी वाचायला घ्यावी का? की ते मुलांचं वाचन म्हणून सोडून द्यावं?

घ्यावी. आजच घ्यावी, आणि कव्हर वर्तमानपत्रात न गुंडाळता घ्यावी. ही पुस्तकं "सोपी" असतात म्हणून हे सांगत नाहीये. त्यातली चांगली पुस्तकं विचाराला अजिबात सोपी नसतात. ती तुमच्यासारख्यांना चालतात कारण ती तुटक वेळात वाचली जातील अशीच बांधलेली असतात. पंधरा मिनिटं वाचून दोन दिवस हात न लागलेल्या वाचकाची अडचण बुद्धीची नसते, आठवणीची असते. मोठ्यांच्या जाडजूड फँटसीत पहिली ऐंशी पानं नकाशे, घराणी आणि तीनशे वर्षांपूर्वीची लढाई यातच जातात. तुम्ही सोमवारी वाचलेलं गुरुवारी कुणाचा कोण ते कळेनासं होतं. वायएमध्ये बहुधा एकच निवेदक, एकच अडचण, आणि ती पहिल्या-दुसऱ्या प्रकरणात समोर. सुझन कॉलिन्सचं 'द हंगर गेम्स' (२००८) उघडून बघा. कॅटनिस शिकारीला जाते, घरची भूक कळते, जीवघेण्या खेळासाठी मुलं निवडणारी गावातली चिठ्ठ्यांची सोडत कळते, आणि पहिलं प्रकरण संपतं तेव्हा चिठ्ठीवर तिच्या धाकट्या बहिणीचं नाव निघतं. हुकूमशाही कशी चालते हे त्या प्रकरणात समजावून कुठेच सांगितलेलं नाही, तरी तुम्हाला कळलेलं असतं. एकूण २७ प्रकरणं, नऊ-नऊचे तीन भाग. हिशोब ठेवायला इतकं सोयीचं पुस्तक शोधून सापडणार नाही.

आता वेळेचा हिशोब. इंग्रजी कथा वाचायचा साधारण वेग मिनिटाला २०० शब्द धरा. दिवसाला पंचवीस मिनिटं म्हणजे ५,००० शब्द. लोइस लोरींचं 'द गिव्हर' (१९९३) सुमारे ४३ हजार शब्दांचं आहे, म्हणजे नऊ दिवस. 'हंगर गेम्स' लाखाच्या आसपास, म्हणजे वीस दिवस. ऑडिओबुक ऐकणार असाल तर त्याच एक लाख शब्दांना अकरा तास लागतात, वेग १.२५ केला तर नऊ. चर्चगेटची स्लो धरली आणि बसायला मिळालं तर आठवड्यातल्या पाच फेऱ्यांत 'गिव्हर' संपतं. बसायला नाही मिळालं तर कागद विसरा. दारात लटकून किंवा चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून पान उलटायचा खटाटोप करू नका. तिथे ऑडिओ, एकाच कानात, म्हणजे प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा ऐकू येईल. किंडल असेल तर अक्षर नेहमीपेक्षा दोन पायऱ्या मोठं ठेवा. पान लवकर उलटावं लागतं, पण हलत्या डब्यात ओळ हरवत नाही.

पहिलं पुस्तक कोणतं? माझं मत 'गिव्हर'लाच. या समाजात दुःख नाही, भूक नाही, निवडही नाही; बारा वर्षांच्या मुलांना समारंभात कामं वाटून दिली जातात आणि जोनसच्या वाट्याला सगळ्यांच्या आठवणी सांभाळायचं काम येतं. सुरुवातीलाच एक जागा आहे: जोनस आणि त्याचा मित्र सफरचंद झेलत असतात आणि हवेत असताना ते सफरचंद क्षणभर "बदलतं". कसं बदलतं ते त्याला सांगता येत नाही आणि लेखिकाही बरीच पानं सांगत नाही. ती जागा लक्षात ठेवा. उत्तर कळेल तेव्हा मागे जाऊन पुन्हा वाचाल, आणि इतका वेळ आपल्या डोळ्यांसमोर काय नव्हतं ते कळून चरकायला होईल. हा झटका देण्यासाठी विज्ञानकथाच लागते, वास्तववादी कादंबरीला तो जमत नाही.

दुसरं, रेबेका स्टेडचं 'व्हेन यू रीच मी' (२००९). दोनशेच्या आसपास पानं आणि प्रकरणं इतकी छोटी, की काही दोन-तीन पानांतच संपतात. अंधेरी ते बांद्रा दोन प्रकरणं आरामात होतात. न्यूयॉर्क, १९७९, एकट्याने मुलगी वाढवणारी, नोकरी करणारी आई टीव्हीवरच्या बक्षिसांच्या खेळाची तयारी करते आहे, आणि मुलगी मिरांडा हिला अशा चिठ्ठ्या येऊ लागतात ज्यांत पुढे घडणाऱ्या गोष्टी आधीच लिहिलेल्या असतात. शाळेतून एकटी घरी येणारी, गळ्यात किल्ली अडकवलेली मुलगी मुंबईकर पालकांना नवीन नाही. यात मात्र सलगता हवी. आठवडाभर पुस्तक बाजूला पडलं तर चिठ्ठ्यांचा धागा निसटतो आणि शेवट "बरं, मग?" असा वाटतो. दोष पुस्तकाचा नाही, खंडाचा आहे. सुट्टीच्या आठवड्यातच घ्या.

तिसरं, नील शुस्टरमनचं 'साइद' (२०१६). माणसाने मरणावर मात केली आहे, कारभार एका निष्पक्ष यंत्रबुद्धीच्या हाती आहे, आणि लोकसंख्या आवरण्यासाठी काही नेमलेली माणसं निवडून जीव घेतात. दोन किशोरवयीन मुलं त्यांच्याकडे उमेदवारी करतात. चारशेच्या वर पानं आहेत, पण प्रकरणांच्या मध्ये त्या नेमलेल्या माणसांच्या रोजनिशीतली पानं येतात. एखाद्या रात्री ताकद नसेल तर तेवढंच एक पान वाचून दिवा बंद करता येतो. हिंसा बरीच आहे, आणि ती आनंदाने करणारं एक पात्र आहे, जे जास्त अंगावर येतं. चौदाच्या खाली देऊ नका. तुमच्या मुलीसाठी अजून एक वर्ष थांबा, तुम्ही मात्र थांबू नका.

उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) सगळ्यात सुंदर, पण ते पहिलं नको. फक्त दहा प्रकरणं आहेत, म्हणजे एकेक प्रकरण लांब, आणि वाक्यं पोथीसारखी सावकाश वाचायची. गर्दीत ते वाया जातं. रविवारी सकाळी, घर उठायच्या आत. ली बार्डुगोंचं 'सिक्स ऑफ क्रोज' (२०१५) सगळेच सुचवतात आणि दरोड्याची आखणी म्हणून ते झकास आहे, पण निवेदन पाच-सहा जणांत फिरतं आणि पुस्तक ऐन रंगात तुटतं, पुढचा भाग घ्यावाच लागतो. तुमच्या वेळापत्रकात ते सहाव्या-सातव्या क्रमांकाला.

यावरून मालिकांचा नियम: पहिला भाग स्वतःपुरता पूर्ण होतो का, एवढंच आधी विचारा. 'गिव्हर', 'अर्थसी', 'हंगर गेम्स', 'साइद' चौघांचेही पहिले भाग वाचून थांबता येतं. सेट स्वस्त पडतो म्हणून तीन-चार भाग एकदम घेऊ नका. न वाचलेले भाग कपाटातून टक लावून बघत बसतात आणि वाचनाचा गृहपाठ होतो.

वाचन बंद पडतं ते बहुतेक दोन कारणांनी. एक, प्रकरण संपवून झोपायचा हट्ट. वायए लेखक प्रकरणाच्या शेवटी मुद्दाम गाठ मारून ठेवतात, त्यामुळे "एवढं प्रकरण संपवते" म्हणत रात्रीचा एक वाजतो, दुसऱ्या दिवशी ५:४० चा गजर चुकतो आणि तिसऱ्या दिवशी पुस्तकच नको वाटतं. नव्या प्रकरणाच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर थांबा. तोवर मागची गाठ सुटलेली असते आणि पुढची बसलेली नसते. दुसरं कारण, दोन काल्पनिक जगं एकाच वेळी. घरी एक फँटसी आणि ट्रेनमध्ये दुसरी असं केलं की नावं मिसळतात. जोडीला हवंच असेल तर लघुकथा घ्या. खुणेच्या कागदावर पेन्सिलीने पाच-सहा नावं आणि कोण कुणाचं एवढं लिहून ठेवलं की चार दिवसांचा खंड पचतो.

मुलीबरोबर वाचायचं तर प्रत एक, खुणा दोन. नियम एवढाच की जो मागे आहे त्याने बोलायचं, पुढे गेलेल्याने गप्प बसायचं. "यातून काय शिकलीस" हा प्रश्न विचारलात तर त्याच दिवशी कार्यक्रम संपला म्हणून समजा. 'गिव्हर'चं १९वं प्रकरण तुम्ही तिच्या आधी वाचा. जोनसच्या वडिलांबद्दल तिथे जे कळतं ते कळल्यावर ती उठून तुमच्याकडे येण्याची शक्यता आहे, तेव्हा तुम्हाला ते माहीत असलेलं बरं. धाकट्यासाठी सलमान रश्दींचं 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज' (१९९०) मोठ्याने वाचायला ठेवा, अजून दोन-एक वर्षांनी. बारा प्रकरणं आहेत, बारा रात्री.

मराठीत याला "वायए" असा कप्पा नाही, म्हणून लोक माल नाही असं समजतात. जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' (१९७९) हा लघुकथांचा संग्रह एका फेरीला एक कथा या मापाचा आहे. 'वामन परत न आला' ही यंत्रमानवाची कादंबरी तेरा-चौदाच्या मुलांना सरळ देता येते. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा तर मुंबईकरांनी चुकवूच नये: पानिपत मराठ्यांनी जिंकलं असतं तर काय, याचं उत्तर शोधत इतिहासाचे प्राध्यापक एका वेगळ्याच मुंबईत उतरतात. तिचं संक्षिप्त इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे, तेव्हा घरात कुणाकडे ते पुस्तक असेल तर खर्चही नाही. अनिल मेनन यांची इंग्रजी कादंबरी 'द बीस्ट विथ नाइन बिलियन फीट' (२००९) २०४० च्या पुण्यात घडते, जनुकांच्या मालकीचा झगडा आहे. दिसली तर सोडू नका. दिवाळीत 'नवल'चा अंक घेऊन ठेवा, गूढ आणि अद्भुत कथांसाठी.

पुस्तकं आणायची कुठून, तर फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळचे फुटपाथ आणि माटुंग्याला किंग्ज सर्कल. जुनी मराठी पुस्तकं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या वाचनालयांत. फुटपाथवर मागणी असलेल्या वायएच्या पायरेटेड प्रती भरपूर असतात. कागद करडा, छपाई तिरकी, कव्हरवरची अक्षरं किंचित धुरकट. त्या घेऊ नका, आणि निव्वळ तत्त्वासाठीही नाही: त्यांत पानं गळतात, आणि गळतात ती एकेक नाही, अख्खा सोळा पानी फर्मा, म्हणजे एकत्र छापलेला पानांचा गठ्ठा. जुनी प्रत घेतानाही शेवटची तीसेक पानं क्रमांक बघत उलटा, मग मधलं कुठलंही एक ठिकाण उघडून कणा हलकेच वाकवा. डिंक कडकडला तर पावसाळ्यात ती पानं सुटणार. दुकानात "यंग अडल्ट" लिहिलेल्या फळीवर हल्ली ड्रॅगन आणि राजपुत्रांच्या जाड प्रेमकथाही लावलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच सरळसरळ मोठ्यांसाठी आहेत. मुलीसाठी घेत असाल तर मागचं कव्हर आणि आतलं प्रकाशकाचं पान वाचा, प्रौढ वाचकांसाठी असल्याची सूचना बऱ्याचदा तिथेच बारीक अक्षरात असते.