पाठीवर सामान, टाकीवर ज्वाळा

प्रश्न : माझ्याकडे दोन सिलिंडरची मोठी टूरिंग मोटरसायकल आहे. पुढे हँडलसोबत वळणारी फेअरिंग (वारा अडवणारं कवच), मागे दोन्ही बाजूंना कडक बॉक्स. तिला १९५०च्या दशकातल्या हॉट रॉड गाड्यांचं, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या मोटारींचं, रूप द्यायचं मनात आहे. मित्रांनी यादी करून दिली : पांढऱ्या कडेचे टायर, स्पोकची चाकं, उंच हँडल, आखूड शॉक ॲब्सॉर्बर, टाकीवर ज्वाळा आणि जमेल तिथे क्रोम. सुरुवात कुठून करू?

उत्तर : यादी बाजूला ठेवा आणि पाना हातात घ्या. आधी काढायचं, लावायचं नंतर.

हॉट रॉड घडली ती दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर. म्यूरॉक, एल मिराज अशा ठिकाणी पोरं जुन्या फोर्ड घेऊन जायची आणि कोणाची किती पळते ते मोजायची. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी केली. फोर्डने १९३२ साली स्वस्तातलं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं होतं, ते या पोरांच्या हाती लागलं आणि मग मडगार्ड, बंपर, पायऱ्या, बॉनेटच्या बाजू असं वेगाच्या आड येणारं सगळं उतरवलं गेलं. त्या गाड्या आजही देखण्या वाटतात त्या या उतरवण्यामुळे. रंग, पट्टे, ज्वाळा हे त्या उघड्या पडलेल्या आकारावर चढलेले साज आहेत.

टूरिंग गाडीचं काम नेमकं उलटं. तिने वारा अडवायचा, सामान वाहायचं, मागच्या माणसाला सांभाळायचं. तेव्हा काच आणि बॉक्स राहणारच. ते काढले तर टूरिंग गाडी उरत नाही, आणि तुम्ही घेतली आहे ती लांब जाण्यासाठीच. पण अशा गाडीवर फुकटचंही बरंच असतं : बॉक्सभोवतीचे क्रोमचे कठडे, जादा दिव्यांच्या दांड्या, नक्षीची झाकणं, बिल्ले, स्टिकर. हे सगळं उतरवा, गाडी स्टँडवर सरळ उभी करा आणि बाजूने, हेडलाइटच्या उंचीवरून फोटो काढा. तो कागदावर छापून त्यावर पेन्सिलने एकच रेघ ओढा : हेडलाइटपासून टाकीच्या पाठीवरून सीटच्या खळग्यात आणि तिथून मागच्या दिव्यापर्यंत. ती कुठे अडखळते ते लगेच दिसेल. मी रंगकाम करतो, तरी माझ्याकडे गाडी आली की पहिलं काम हेच असतं. निम्म्या वेळा मालकाने मागवलेले सुटे भाग त्या रेघेला आडवे येतात.

रेघ साफ झाली की एकच कल्पना निवडा. काळ्यावर ज्वाळा. किंवा क्रीम रंगावर मागे निमुळते होत जाणारे लाल पट्टे, म्हणजे स्कॅलप. किंवा मंद काळा रंग आणि लाल चाकं. तिन्ही एकाच गाडीवर आणलीत तर नजर कुठेच ठरत नाही.

हँडलबद्दल एवढंच सांगतो. ते उंच केलं की क्लच केबल, ब्रेकची नळी, वायरिंग सगळं लांबवावं लागतं. काम झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा, काही ताणलं जाता कामा नये. आणि हात खांद्यापेक्षा वर जातील इतकी उंची टूरिंगला नकोच. तासाभरात बोटं बधिर होतात.

प्रश्न : ज्वाळा काढणारे पेंटर पुष्कळ मिळतात, पण बहुतेकांचं काम चिकटवलेल्या चित्रासारखं दिसतं. चांगलं काम ओळखायचं कसं? टाकी, फेअरिंग आणि बॉक्स, तिन्हींवर काढाव्यात का?

उत्तर : या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो.

ज्वाळा पुढून सुरू होते आणि वाऱ्याने मागे ओढली जाते. सुरुवातीला ती भरदार असते, मग तिच्या जिभा सुटतात. प्रत्येक जीभ आधी फुगते, मग वळते, मग टोकाला जाते. नवखा माणूस जिभाच काढत बसतो. जाणता पेंटर दोन जिभांमधली रिकामी जागा काढतो. ती जागा पाण्याच्या थेंबासारखी असावी, बुडाशी गोल आणि मागे निमुळती. पेंटरची जुनी कामं बघाल तेव्हा रंगाकडे बघू नका, या मोकळ्या जागांकडे बघा. सगळ्या एकाच मापाच्या असतील तर उठून या. लहान-मोठ्या असून एका लयीत असतील, तर माणूस तयारीचा आहे.

आखणी तीन मिलिमीटरच्या लवचीक टेपने होते. पेंटर एका हाताने टेपचं रीळ ओढतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा वळणावर दाबत पुढे सरकतो. टेप वळणावर सुरकुतली की रंग तिच्याखाली शिरतो, म्हणून तिथे तो नखाने कड बसवून घेतो. एक बाजू पूर्ण झाली की तिच्यावर कागद ठेवून आकृती उतरवायची, रेघेवर बारीक भोकं पाडायची, कागद उलटा करून टाकीच्या दुसऱ्या बाजूला लावायचा आणि त्यावरून खडूच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. पूड भोकांतून उतरते आणि ठिपक्यांची रेघ उमटते. दोन्ही बाजू जुळतात त्या अशा. नजरेच्या अंदाजाने काढलेली दुसरी बाजू समोरून बघताक्षणी कळते.

मग रंग. मुळाशी पिवळा, मध्ये नारिंगी, टोकांना लाल, आणि एक रंग दुसऱ्यात कुठे मिसळला ते दाखवता येऊ नये. टेप निघाल्यावर ज्वाळेच्या कडेला रंगाची बारीक पायरी राहते. ती झाकायला आणि आकाराला धार द्यायला कडेने हाताने रेघ ओढतात, तीच पिनस्ट्राइप. या रेघेला १९५०च्या दशकात कलेचा मान मिळवून देणाऱ्यांत केनेथ हॉवर्ड, म्हणजेच व्हॉन डच, हे मोठं नाव. ब्रश खारीच्या केसांचा, लांब आणि तलवारीच्या पात्यासारखा तिरका. लांब केसांत पुरेसा रंग राहतो, म्हणून ब्रश न उचलता लांब वळण निघतं. दाब वाढवला की रेघ जाड, उचलला की केसाएवढी. जवळून बघितलं तर हाताच्या रेघेची जाडी किंचित कमी-जास्त होताना दिसते. छापलेल्या पट्टीत ते जिवंतपण येत नाही, आणि माझ्या मते सगळं काम या रेघेवरच उभं असतं किंवा पडतं. पैसे वाचवायचे तर जिभा कमी करा, रेघ मात्र हाताचीच घ्या.

आता तिन्ही भागांचं. तुमची फेअरिंग हँडलसोबत वळते. हार्ले-डेव्हिडसनने १९६९मध्ये इलेक्ट्रा ग्लाइडला दिलेली पसरट पंखांची फेअरिंग याच जातीची. हँडल वळलं की तिच्यावरच्या रेघा टाकीवरच्या रेघांपासून तुटतात. म्हणून फेअरिंगवरची ज्वाळा हेडलाइटच्या कडेपासून सुरू करून तिच्यावरच संपवायची, टाकीवर नवी सुरू करायची. फेअरिंग चौकटीला पक्की असलेल्या गाडीवर एकच लांब लाट नेता येते. बॉक्सवर मी ज्वाळा टाळतो. बाजूने बघताना बॉक्स हा गाडीतला सगळ्यात मोठा सपाट भाग असतो. त्यावर ज्वाळा आल्या की टाकीवरच्या फिक्या पडतात. तिथे मूळ काळा रंग, पुढच्या कोपऱ्यातून निघणारी दुहेरी बारीक रेघ आणि झाकणावर छोटी पिनस्ट्राइप, एवढं पुरे.

टाकी पत्र्याची, फेअरिंग आणि बॉक्स बहुधा प्लास्टिकचे. प्लास्टिकवर रंग धरावा म्हणून आधी त्याचं वेगळं अस्तर मारावं लागतं, आणि त्यावर जाड पुट्टी कधीही नको. झाकण लवतं तशी पुट्टी तडकते. लाल कँडी रंगाचा मोह बऱ्याच जणांना होतो. उन्हात तो खोलवर पेटल्यासारखा दिसतो, मलाही फार आवडतो. पण कँडी पारदर्शक असतो, खालच्या चंदेरी थरावर जितके हात माराल तितकी छटा गडद होत जाते. सगळे भाग एकाच बैठकीत, सारख्या हातांनी मारावे लागतात. पुढे एखाद्या भागावर ओरखडा आला तर तिथली छटा पुन्हा जुळवणं महाकठीण, बहुतेकदा पूर्ण भागच नव्याने रंगवावा लागतो. बॉक्सला तर रोज बुटाचा, बॅगेच्या बकलाचा घासा लागतो. कँडी हवाच असेल तर टाकीपुरता ठेवा.

पेट्रोल भरायच्या झाकणाभोवतालची रेघ लॅकरच्या, म्हणजे शेवटच्या पारदर्शक थराच्या, वर ओढू देऊ नका. इनॅमलची रेघ सांडलेल्या पेट्रोलने मऊ पडते. ती लॅकरखाली हवी, आणि लॅकर हार्डनर घालून मारायचं दोन भागांचं हवं. मूळ रंग बदलणार असाल तर नोंदणीपत्रातला रंगही नियमाप्रमाणे बदलून घ्या.

प्रश्न : जुन्या हॉट रॉड नुसत्या प्रायमरमध्ये (रंगाखालच्या अस्तरात) फिरायच्या. मीही काळा प्रायमर मारून तसाच ठेवला तर?

उत्तर : नका ठेवू. प्रायमर सच्छिद्र असतो. तो पाणी शोषतो आणि ते पत्र्यापर्यंत पोचवतो. पावसात हिंडलेल्या गाडीचा रंग काही महिन्यांनी फुगलेला दिसतो तो खालून गंज धरल्यामुळे. त्या पोरांच्या गाड्या प्रायमरमध्ये असायच्या कारण काम चालू असायचं आणि पैसे इंजिनवर खर्च व्हायचे. तुम्हाला तेच रूप हवं असेल तर नेहमीसारखा पूर्ण रंग मारून वर कमी चकाकीचं सॅटिन लॅकर घ्या. त्याला मेण किंवा पॉलिश लावू नका, घासलं तिथे चकाकी येऊन डाग दिसतात आणि ते जात नाहीत. ओरखडाही पॉलिशने काढता येत नाही. दर रविवारी गाडी चमकवण्यात ज्यांना आनंद वाटतो, त्यांनी चकचकीत काळाच घ्यावा.

प्रश्न : पांढऱ्या कडेचे टायर आणि स्पोकची चाकं लांबच्या प्रवासाला चालतील का? आणि मागून गाडी खाली बसवली तर? मला तो दबलेला पवित्रा फार आवडतो.

उत्तर : पवित्रा मलाही आवडतो, पण इथे मी कडक बोलणार आहे.

पांढऱ्या कडेचे टायर जरूर घ्या, मात्र ते मूळचेच तसे बनवलेले हवेत. बाजूवर छापलेला भार निर्देशांक आणि वेगाचं अक्षर तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिल्याहून कमी नको. जड टूरिंग गाड्यांसाठी असे टायर मिळतात. रिम आणि टायरच्या मध्ये अडकवायच्या सुट्या पांढऱ्या रबरी कड्या मात्र मोटरसायकलला अजिबात लावू नका. वेगात त्या बाहेर उचलल्या जातात आणि टायरला घासत राहतात.

स्पोकचं चाक सुंदरच दिसतं. प्रश्न ट्यूबचा आहे. साध्या स्पोक रिममध्ये आऱ्यांच्या भोकांतून हवा जाते म्हणून ट्यूब लागते. ट्यूब पंक्चर झाली तर हवा झपाट्याने उतरते. ट्यूबलेसला खिळा रुतला तर बहुधा हळूहळू उतरते आणि रस्त्याच्या कडेला वात घालून पुढे जाता येतं. सामानाने लादलेल्या गाडीचं मागचं चाक रस्त्यात उतरवून ट्यूब बदलणं काय असतं याचा विचार करा. हवाबंद केलेले स्पोक रिम मिळाले तर उत्तम. नसतील तर आहे तेच चाक लाल किंवा क्रीम रंगवा, पांढऱ्या कडेशेजारी ते फार खुलून दिसतं.

आता खाली बसवणं. नुसते मागचे शॉक आखूड केले की चाकाला वर-खाली जायला जागा कमी उरते. एकट्याने चालवताना कदाचित जाणवणार नाही. मागे माणूस, बॉक्स भरलेले आणि मध्ये खड्डा आला की सस्पेन्शन तळाला आदळतं आणि धक्का मागे बसलेल्याच्या कण्यात जातो. वळणावर पायाच्या फळ्या लवकर घासतात. शिवाय मागचा भाग खाली गेल्याने पुढचा काटा अधिक तिरपा होतो, सावकाश चालवताना हँडल जड लागतं आणि हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपवतो. मोठं पुढचं चाक बसवूनही हाच गोंधळ होतो. ज्यांना ते खरंच हवं असतं ते चौकटीची मानच कापून कोन बदलतात, आणि ते काम प्रदर्शनाच्या गाडीचं.

पवित्रा रंगाने आणता येतो. बॉक्सचा खालचा तिसरा हिस्सा मंद काळा ठेवा आणि वरच्या रंगाची सीमा मागे किंचित उतरती घ्या. गाडी एक इंचही न हलवता दबलेली दिसेल.

क्रोम करायला देताना ॲक्सल आणि ब्रेकचे बोल्ट पिशवीतून बाहेर काढून ठेवा. प्लेटिंग करताना हायड्रोजन कणखर पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. असा बोल्ट वाकत नाही, एकदम तुटतो.

प्रश्न : पत्नी नेहमी मागे असते. जुन्या गाड्यांसारखी उभ्या घड्यांची सीट करून घेतली तर तिला त्रास होईल का? आणि सायलेन्सरच्या नळीला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळावी का?

उत्तर : सीट जरूर करा, आणि शिवायला देण्याआधी पत्नीला तिच्यावर बसवून माप घ्या. घड्या पातळ फोमवर शिवायच्या आणि ते शिवलेलं कापड खालच्या घट्ट फोमवर ओढायचं. घड्यांतच जाड मऊ फोम भरला तर त्या बसून जातात आणि शिवण टोचायला लागते. वरचं कापड होडीच्या सीटला वापरतात ते विनाइल घ्या, ऊन-पाणी सोसतं. धागा पॉलिएस्टरचा, सुती अजिबात नको. सगळ्यात जास्त वजन पडतं तिथे आडवी शिवण येऊ देऊ नका, पाणी तिथूनच आत जातं आणि फोम ओला राहतो.

पट्टी नको. ती भिजली की पाणी धरून ठेवते आणि साधी लोखंडी नळी पट्टीखाली सडते, तुम्हाला बाहेरून काहीच दिसत नाही. स्टेनलेसची नळी किंवा सिरॅमिक लेप बघा. आणि सायलेन्सरमधला आवाज दाबणारा भाग, बॅफल, काढू नका. दिवसभर पाठीमागे बसणाऱ्याच्या कानात तो आवाज जातो.

प्रश्न : मागच्या लाल दिव्यात निळा मणी बसवायची जुनी पद्धत होती, ती चालेल?

उत्तर : रात्री तो जांभळट दिसतो आणि त्या काळाची आठवण लगेच करून देतो. पण अनेक ठिकाणच्या नियमांत तो बसत नाही, आणि लाल काचेचा तेवढा भाग त्यात जातो. मला विचाराल तर जुन्या धाटणीचा गोल दिवा घ्या, आत चांगला एलईडी बसवा, आणि भर उन्हात कोणाला तरी मागे लांब उभं करून ब्रेक दाबल्यावर फरक स्पष्ट दिसतो का ते विचारा.