सोमाली भाषेला 1972 पर्यंत अधिकृत लिपी नव्हती, मग त्यांचं साहित्य टिकलं कसं? आणि आता ते कसं जपतात?

लिपी नाही म्हणजे साहित्यही तुटकफुटकच असणार, असं मलाही वाटायचं. आमच्या पुण्याच्या घरी वरच्या खोलीत सोमालीलँडमधल्या (सोमालियाच्या उत्तर भागातल्या) हर्गेसा शहराचा एक विद्यार्थी दोन वर्षं भाड्याने राहिला, त्याने माझा हा गैरसमज घालवला.

त्यांची कविता बांधतानाच पाठ होईल अशी बांधतात. 'गबय' या भारदस्त प्रकारात कवी एक अक्षर धरतो ते शेवटपर्यंत सोडत नाही. 'क' धरला तर प्रत्येक ओळीच्या दोन्ही अर्ध्यांत 'क'ने सुरू होणारा शब्द यायलाच हवा, मग ओळी शंभर का असेनात. (स्वरांना सवलत आहे, कुठलाही स्वर कुठल्याही स्वराशी जुळलेला धरतात.) वर मात्रांचा हिशेब वेगळा. त्यामुळे म्हणणाऱ्याने मधेच शब्द बदलला की ओळ लंगडते आणि चारचौघांत पकडला जातो. मूळ कवीचं नावही सांगावंच लागतं. आपल्या जात्यावरच्या ओवीत बाई स्वतःचे चार शब्द सहज घालते, तसं इथे खपत नाही. गंमत अशी की हे मात्रांचे नियम कवींच्या कानात पक्के होते, पण ते वर्तमानपत्रात लेख लिहून मांडले कवी गारिये यांनी, थेट 1976 साली!

लिपीचा वाद बरीच वर्षं चालला. अरबी की रोमन की उस्मान युसूफ केनदीद यांनी 1920च्या दशकात घडवलेली उस्मानिया? शेवटी ऑक्टोबर 1972 मध्ये लष्करी हुकूमशहा सियाद बारे यांच्या सरकारने रोमन ठरवली. घशातल्या 'ह'साठी त्यांनी 'एक्स' घेतला, म्हणून सोमालीत मोहम्मद लिहिताना मधे एक्स येतो. आमच्या कुरिअरवाल्याची यावरून रोज फजिती व्हायची. पुढे 1974 मध्ये शाळा बंद ठेवून विद्यार्थ्यांना भटक्या उंटपाळांकडे लिहायला-वाचायला शिकवायला धाडलं.

पण माझ्या मते कवितेला खरा हात दिला तो कॅसेटने. 1979-80 मध्ये गारिये यांनी 'द' अक्षर धरून एक कविता केली, तिला इतर कवींनी त्याच अक्षरात उत्तरं दिली. 'देल्ले' नावाची ही मालिका राजवटीला झोंबणारी होती. ती छापणार कोण? कॅसेटवरून कॅसेट भरत ती गावोगाव गेली.

मग 1988 आलं. यादवी युद्धात सरकारच्याच विमानांनी हर्गेसावर बॉम्ब टाकले. रेडिओ हर्गेसाच्या टेपा लोकांनी जमिनीत पुरून, सीमेपलीकडे नेऊन वाचवल्या. आज तिथल्या सांस्कृतिक केंद्रात हजारो कॅसेट जमल्या आहेत, त्यांचं डिजिटायझेशन चालू आहे, आणि 2008 पासून शहरात आंतरराष्ट्रीय पुस्तक महोत्सवही भरतो.

हे सगळं हवंच. तरी नुसत्या फाइली करून भागणार नाही, हे मी स्वतः पाहिलंय. आमच्या भाडेकरूच्या मोबाइलमध्ये त्याच्या आजोबांच्या कॅसेटवरून केलेलं एक रेकॉर्डिंग होतं. कोणीतरी गबय म्हणतंय, मागे शेळी ओरडतेय, कोणी खोकतंय. त्याला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. उंटाचं वय, चाल, गाभण असणं, प्रत्येकाला निराळा शब्द, आणि हा पठ्ठ्या शहरात वाढलेला. त्याने व्हिडिओ कॉलवर आईला ते ऐकवलं. ती बाई शब्दाशब्दाला थांबवून अर्थ सांगत गेली, हा वही घेऊन उतरवत होता. बायकांचा स्वतःचा 'बुरानबुर' हा प्रकारही तिला येत होता. तो कॅसेटवर फारसा कोणी भरलाच नाही, अशी तिची तक्रार.

एका ओळीला तिने हात वर केला. "इथे म्हणणारा चुकलाय," म्हणाली, "अक्षर सुटलं." आणि बरोबर ओळ म्हणून दाखवली.