सुती कापडावर गोळे येतात, हाताला खरखरीत लागतं, काय करावं?

परभणीत कुर्ते शिवता, कापड दोन धुण्यांतच गोळे धरतं, तेव्हा सॉफ्टनर कोणता घ्यावा असं तुम्ही विचारलंय. मी नांदेडचा, सुती कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये बरीच वर्षं काढली. माझं ऐकाल तर सॉफ्टनर सगळ्यात शेवटी. त्याने सूत गुळगुळीत होतं, तंतू सुटून वर येतात आणि कधी कधी गोळे उलट वाढतात.

कापडाची घडी घालून तिची कड उजेडासमोर धरा. कडेवर बारीक लव उभी दिसेल. घासून घासून तिचेच गोळे वळतात. म्हणून कोऱ्या कापडाचं सिंजिंग झालंय का, हे आधी विचारा. त्यात कापड गॅसच्या ज्योतीवरून इतक्या वेगाने जातं की फक्त लव जळते. मग कांजी काढणं, खार देणं (खाराच्या पाण्यात उकळून तेल-मेण काढणं), ब्लीच. इथे आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याकडे नक्की बघा. साबणाशी त्यातला चुना मिळाला की चिकट थर कापडावर बसतो, आणि बऱ्याचदा खरखर तिथूनच येते.

उरलेली लव सेल्युलेज एन्झाइमने, म्हणजे सुती तंतू कुरतडणाऱ्या जैविक द्रव्याने काढतात, त्याला बायोपॉलिशिंग म्हणतात. आम्ल प्रकारचं एन्झाइम असेल तर ५०-५५ अंश तापमान, पीएच ४.५ ते ५.५, पाऊण तासाच्या आसपास. ब्लीचमधलं पेरॉक्साइड आधी पूर्ण धुऊन घ्या, नाहीतर एन्झाइम मरतं. कापड सतत हलतं ठेवा, कारण एन्झाइम तंतू फक्त कमजोर करतं, तो तुटतो घासण्यानेच. वेळ संपली की ८० अंशांवर दहा मिनिटं, किंवा धुण्याचा सोडा टाकून ते थांबवायचंच. सुरुवातीला एका लॉटमध्ये मी हे थांबवणं टाळलं होतं. कापड रेशमासारखं मऊ निघालं, पण शिवल्यावर काखेत फाटायला लागलं. सगळा माल परत आला.

चकाकी हवी असेल तर मर्सरायझिंग, म्हणजे कापडाला कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण देणं. जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये कॉस्टिकच्या या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, पण खरी चमक पुढे कापड ताणून धरल्यावरच मिळाली. तंतू फुगून गोल होतो, रंगही गडद चढतो. लहान युनिटने हे बाहेरूनच करून घ्यावं.

पूर्ण तागा टाकण्याआधी अर्धा मीटर करून बघा. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा नीट वाळवून वजन करा. घट ५ टक्क्यांवर गेली तर एन्झाइमची मात्रा कमी करा.